मोबाईल चार्ज होतोय पण लॅपटॉपवर दिसत नाही? मग एकेक करून हे बघा

मोबाईल केबलने लॅपटॉपला लावला आणि चार्जिंगची खूण आली म्हणजे केबल चांगली आहे असं होत नाही. हे सगळ्यात आधी सांगतोय कारण इथे ठाण्यात आमच्या नात्यात, सोसायटीत ज्यांनी ज्यांनी हा प्रॉब्लेम घेऊन मला विचारलं त्यातल्या बहुतेकांचं पहिलं वाक्य हेच असतं, "अरे चार्ज तर होतोय ना, मग केबल कशी खराब असेल?" आणि एकदा का केबलवरचा संशय गेला की माणूस भलतीकडेच शोधत बसतो, ड्रायव्हर (लॅपटॉपला फोनशी बोलता यावं म्हणून लागणारं छोटं सॉफ्टवेअर) हवा म्हणून कुठलीतरी साईट उघडतो, तिथून नको ते सॉफ्टवेअर लॅपटॉपमध्ये घेतो, नाहीतर कोणीतरी सांगतं फॅक्टरी रिसेट मार आणि तो खरंच मारतो, मग मुलीच्या बारशापासूनचे सगळे फोटो गेले. असं कोणाचं होऊ नये म्हणून हे लिहितोय. ज्यांनी आजवर कधी डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे विंडोजमधली जोडलेल्या वस्तूंची यादी, उघडलेला नाही त्यांच्यासाठीच आहे, त्यामुळे ज्यांना येतं त्यांना काही गोष्टी फारच सोप्या वाटतील, चालेल.

साध्या यूएसबी केबलच्या आत चार तारा असतात. दोन करंटच्या, दोन डेटाच्या. नळाला पाणी येतंय म्हणून घरात लाईटही असणारच असं आपण म्हणत नाही ना, तसंच इथे आहे, करंटच्या तारा शाबूत असतील तर मोबाईल आरामात चार्ज होतो आणि डेटाच्या तारांचा पत्ताच नसतो. ट्रिमर, ब्लूटूथ स्पीकर, पॉवरबँक यांच्यासोबत येणाऱ्या आखूड केबलमध्ये बऱ्याचदा डेटाच्या तारा टाकलेल्याच नसतात, त्या फक्त चार्जिंगच्याच केबल असतात. आणि जी केबल आधी नीट चालायची ती पिनेजवळ वाकून वाकून आतून तुटते, वरून प्लास्टिक एकदम छान दिसतं.

आधी ऐका, मग बघा

केबल लावायच्या आधी लॅपटॉपचा आवाज चालू ठेवा. विंडोज असेल तर काहीही यूएसबीला लावलं की "टुडुंग" असा छोटा आवाज येतो, काढलं की परत येतो. हा आवाज म्हणजे तुमची अर्धी तपासणी झाली. मोबाईल लावा आणि नीट बघा चारपैकी काय होतंय.

चार्जिंगही नाही आणि आवाजही नाही, तर केबल, लॅपटॉपचा पोर्ट किंवा मोबाईलचा चार्जिंग जॅक यातलं काहीतरी गेलंय किंवा घाण झालंय. चार्जिंग आहे पण आवाज नाही, तर बहुतेक वेळा केबल, त्याखालोखाल जॅक, आणि काही फोनमध्ये नुसती सेटिंग. आवाज येतो पण मोबाईल दिसत नाही किंवा दिसतो आणि आत रिकामा, तर हार्डवेअर ठीक आहे, सेटिंग नाहीतर ड्रायव्हर बघायचा. आणि चौथा प्रकार म्हणजे कोपऱ्यात इंग्रजी मेसेज येतो, "यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड", म्हणजे लॅपटॉपला काहीतरी लावलंय एवढं कळलं पण मोबाईलशी बोलणं पूर्ण झालं नाही, तिथे परत केबल आणि जॅकवरच संशय घ्या, ड्रायव्हर नंतर.

तुमचा प्रकार कुठला ते एका कागदावर लिहून ठेवा, खरंच. कारण पुढे प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलायची आणि परत आवाज ऐकायचा. केबलही बदलली, पोर्टही बदलला, रिस्टार्टही मारला आणि चालू झालं, तर नक्की कशाने चालू झालं ते कळत नाही आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच.

फोन अनलॉक करा आणि वरून पट्टी खाली ओढा

याला दहा सेकंद लागतात आणि पैसे शून्य, म्हणून केबल आणायला बाहेर पडायच्या आधी हेच करा. २०१५ मध्ये अँड्रॉइड ६ आलं तेव्हापासून केबल लावली की फोन आपोआप फक्त चार्जिंगवर जातो, फाइल दाखवत नाही. हे मुद्दाम तसं केलंय, म्हणजे तुम्ही कुठेही कोणाच्याही कॉम्प्युटरला चार्जिंगला फोन लावला तर त्याला तुमचे फोटो परस्पर दिसू नयेत. चांगलीच गोष्ट आहे, फक्त कोणी सांगत नाही.

तर फोन लावा, पिन किंवा पॅटर्न टाकून अनलॉक करा, वरून नोटिफिकेशनची पट्टी खाली ओढा. तिथे "चार्जिंग धिस डिव्हाइस व्हाया यूएसबी" असं काहीतरी लिहिलेलं असतं, एकदा टॅप करा, कधी दोनदा करावं लागतं, मग यादी उघडते. त्यात "फाइल ट्रान्सफर" निवडा, काही फोनमध्ये त्याच्यापुढे "अँड्रॉइड ऑटो" पण लिहिलेलं असतं, तेच. त्याच यादीत "पीटीपी" असतं, ते निवडलं तर मुख्यतः फोटो-व्हिडिओचेच फोल्डर दिसतात, डाउनलोड केलेल्या पीडीएफ वगैरे दिसत नाहीत, आणि बरेच जण चुकून ते निवडतात आणि म्हणतात माझे डॉक्युमेंट गेले. गेले नाहीत, फाइल ट्रान्सफर निवडा, दिसतील.

काही फोनमध्ये केबल लावल्या लावल्या मध्येच एक चौकट येते, "अलाऊ ॲक्सेस टू फोन डेटा". तिथे अलाऊ. घाईत डिनाय दाबलं गेलं असेल तर केबल काढून परत लावा, पुन्हा विचारतो.

आता लक्ष द्या, ही नोटिफिकेशन बहुतेक फोनमध्ये तेव्हाच येते जेव्हा फोनला पलीकडे कॉम्प्युटर आहे हे कळतं. म्हणजे चार्जिंगची खूण आहे पण ही नोटिफिकेशनच नाही, सेटिंगमध्ये यूएसबीचे पर्याय सगळे फिके दिसतायत, तर डेटाच्या तारा पोचतच नाहीयेत असं जवळपास धरून चाला आणि पुढच्या केबलच्या भागाकडे या.

फोन लॉक असताना फोल्डर रिकामा दिसतो, हे पण खूप जणांना माहीत नसतं. लॅपटॉपवर फोनचं नाव येतं, क्लिक केलं की आत काही नाही, पांढरं पान. घाबरू नका, फोन अनलॉक करा, विंडो बंद करून परत उघडा.

रोज रोज ही यादी उघडायचा कंटाळा येत असेल तर डेव्हलपर ऑप्शनमध्ये, म्हणजे ॲप बनवणाऱ्यांसाठीच्या लपवलेल्या सेटिंगमध्ये, कायमची सेटिंग करता येते. सेटिंग, अबाउट फोन, तिथे बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप (काही कंपन्यांच्या फोनमध्ये त्याऐवजी व्हर्जनच्या ओळीवर टॅप करावं लागतं), मग डेव्हलपर ऑप्शन्समध्ये "डिफॉल्ट यूएसबी कॉन्फिगरेशन" शोधायचं आणि फाइल ट्रान्सफर करायचं. पण मी नवीन माणसाला हे करायला सांगत नाही. एक तर काही बँकांची ॲप डेव्हलपर ऑप्शन चालू असले की उघडतच नाहीत, आणि दुसरं म्हणजे तिथेच खाली "यूएसबी डिबगिंग" असतं, फोटो काढून घ्यायला त्याची काहीही गरज नसते, ते चालू केलं तर कॉम्प्युटरला फोनमध्ये फार आतपर्यंत शिरता येतं. कोणी व्हिडिओत सांगितलं म्हणून ते चालू करून ठेवलं असेल तर आजच बंद करा.

आता केबल

घरातल्या सगळ्या केबल एका ठिकाणी आणा. फोनच्या बॉक्समध्ये आलेली केबल असेल तर पहिली ती लावा, कारण ती जवळपास नेहमीच डेटावाली असते. ती हरवली असेल तर घरातल्या दुसऱ्या कोणाची, जिच्यावर कोणीतरी याआधी फोटो काढून घेतलेत अशी. केबल तपासायची सोपी पद्धत म्हणजे तीच केबल दुसऱ्या फोनला आणि त्याच लॅपटॉपला लावायची. दुसरा फोनही दिसला नाही तर केबल किंवा लॅपटॉप, दुसरा दिसला तर तुमच्या फोनकडे वळा. इतकं साधं आहे, पण हे न करता लोक शंभर गोष्टी करतात.

केबल लावून पिनेजवळ हलकेच इकडेतिकडे हलवा, एखाद्या कोनात टुडुंग येतं आणि लगेच जातं? मग ती केबल कामाची नाही, रबरबँड लावून त्या कोनात धरून फाइल कॉपी करू नका, मध्येच तुटलं तर अर्धी फाइल येते आणि ती उघडत नाही.

नवीन घ्यायची वेळ आली तर ठाणे स्टेशनच्या बाहेर, गोखले रोडला, वाशीला सेक्टर १७ मध्ये पाहिजे तेवढ्या केबल लटकलेल्या असतात. त्यात चांगल्याही असतात, पण मागताना नुसतं "सी टाइप केबल द्या" म्हणू नका. "डेटा ट्रान्सफर होणारी पाहिजे, फक्त चार्जिंगची नको" असं स्पष्ट बोला आणि जमलं तर लॅपटॉप सोबत न्या, नाहीतर दुकानदाराच्याच कॉम्प्युटरला लावून दाखवायला सांगा. "६५ वॅट" किंवा "फास्ट चार्जिंग" असं मोठ्या अक्षरात लिहिलंय म्हणजे डेटाही जोरात जाईल असं नाही, त्या दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही बाजूंनी टाइप सी असलेल्या केबलचा डेटाचा वेगसुद्धा बऱ्याचदा जुन्या यूएसबी २.० इतकाच असतो, म्हणजे कागदावर सेकंदाला ४८० मेगाबिट. फोटो घ्यायला तेवढा पुरतो. लांबी एक मीटरच्या आसपास घ्या, पलंगावर लोळून चार्जिंग करायला लांब केबल बरी, पण फाइल पाठवायला आखूडच भरवशाची.

पोर्ट बदलून बघा

लॅपटॉप असेल तर दुसऱ्या बाजूचा पोर्ट. डेस्कटॉप असेल तर समोरच्या पोर्टमध्ये न लावता सीपीयूच्या पाठीमागे लावा. समोरचे पोर्ट आतून एका वेगळ्या वायरने मदरबोर्डला जोडलेले असतात, ती सैल झालेली असते किंवा असेंबल करताना नीट बसवलेलीच नसते, मागचे पोर्ट सरळ बोर्डवर असतात. मध्ये हब, एक्स्टेंशन, कीबोर्डवरचा पोर्ट असं काही असेल तर ते काढून थेट लावा.

ऑफिसचा लॅपटॉप असेल तर इथेच थांबा. ऐरोली, घणसोली, महापे इथल्या कंपन्यांमध्ये काम करणारे आपल्यात खूप आहेत आणि वर्क फ्रॉम होममुळे घरात एकच लॅपटॉप असतो तो कंपनीचा. कंपनीच्या लॅपटॉपवर यूएसबीने डेटा घेणं बऱ्याच ठिकाणी आयटी डिपार्टमेंटने बंद केलेलं असतं, फोन चार्ज होईल पण दिसणार नाही, आणि दिसला तरी कॉपी होणार नाही. ते बिघाड नाही, पॉलिसी आहे. त्यावर इंटरनेटवरून युक्त्या शोधून करू नका, नोकरीचा प्रश्न आहे, घरचे फोटो घ्यायला भावाचा नाहीतर शेजारच्या काकांचा लॅपटॉप घ्या.

जॅकमधला कचरा आणि पावसाळा

केबल बदलली, पोर्ट बदलला, तरी तेच. आता फोनचा चार्जिंग जॅक. टॉर्चच्या उजेडात आत बघा. जीन्सच्या खिशात फोन राहतो, कापडाचा बारीक कापूस आत जातो आणि केबल घालताना प्रत्येक वेळी तो मागे दाबला जाऊन त्याचा घट्ट थर बसतो. मग केबल पूर्ण आत जातच नाही. ओळखायचं कसं, तर केबल बसताना "टक" असं लागत नाही, थोडीशी बाहेर राहते आणि धक्का लागला की सुटते. टाइप सीमध्ये एवढ्याशा जागेत २४ पिना असतात, करंटच्या पिना टेकल्या आणि डेटाच्या नीट टेकल्या नाहीत तर तुम्हाला नेमका हाच त्रास होणार, चार्जिंग आहे, बाकी काही नाही.

साफ करताना फोन आधी पूर्ण बंद करा. लाकडी टूथपिक घ्या, टोक थोडं चपटं करा आणि कडेकडेने हलक्या हाताने कचरा बाहेर ओढा. टाइप सीच्या मधोमध एक पातळ जीभ असते, तिच्यावर जोर द्यायचा नाही, ती मोडली तर जॅकच बदलावा लागतो. सिम काढायची पिन, सेफ्टी पिन, सुई, काहीही धातूचं आत घालू नका. तोंडाने फुंकूही नका, तोंडाच्या वाफेने आत ओल शिरते.

जून ते सप्टेंबर आपल्याकडे वेगळंच प्रकरण असतं. ट्रान्स हार्बर लोकलने ठाण्याहून वाशी-पनवेलकडे रोज येणारी-जाणारी माणसं, दारात उभं राहिलं की पावसाचा झोत आत, फोन ओल्या खिशात किंवा ओल्या बॅगेत. जॅकमध्ये ओल असली तर सॅमसंगसारख्या फोनवर पाण्याच्या थेंबाची खूण येते आणि फोन स्वतःच केबल नाकारतो. तेव्हा जबरदस्ती करू नका. केबल काढा, जॅकचं तोंड खाली करून फोन तळहातावर हलकेच आपटा, मग पंख्याच्या वाऱ्यात उभा ठेवा, काही तास जाऊ द्या. हेअर ड्रायर नको, आणि तांदळाच्या डब्यात तर अजिबात नको, तांदळाची पूड आणि कण जॅकमध्ये शिरतात, ॲपलने तर आपल्या आयफोनच्या सूचनांमध्ये हे करू नका असं स्पष्ट लिहिलंय. केबलची पिनही पुसून वाळवा, ओली केबल कोरड्या फोनमध्ये घालून काय उपयोग. पिनेवर हिरवट डाग दिसले तर ती केबल टाकून द्या.

रिस्टार्ट

दोन्ही रिस्टार्ट करा, फोन आणि लॅपटॉप. लॅपटॉपला शटडाउन नाही, रिस्टार्टच निवडा, कारण विंडोजमध्ये शटडाउन करताना फास्ट स्टार्टअपमुळे आतल्या काही गोष्टी जशाच्या तशा जपून ठेवल्या जातात आणि रिस्टार्टमध्ये सगळं नव्याने चालू होतं. झाल्यावर फोन अनलॉक करून मग केबल लावा.

विंडोजमध्ये ड्रायव्हर बघायचा तो असा

टुडुंग येतंय, फाइल ट्रान्सफर निवडलंय, फोन अनलॉक आहे, तरी दिस पीसीमध्ये (लॅपटॉपचे सगळे ड्राइव्ह दिसतात त्या विंडोमध्ये) फोनचं नाव नाही, तेव्हाच इथे या. आधी एक सांगतो, फोनला सी, डी असं ड्राइव्हचं अक्षर मिळत नाही, पेनड्राइव्हसारखा तो दिसत नाही, मॉडेलच्या नावाने दिसतो. काही जण एफ ड्राइव्ह शोधत बसतात. अँड्रॉइड फोन एमटीपी नावाच्या पद्धतीने बोलतो, त्यात कॉम्प्युटर फोनची मेमरी सरळ ताब्यात घेत नाही, फोनकडे फाइल मागतो आणि फोन देतो.

कीबोर्डवर विंडोजचं बटण आणि एक्स एकत्र दाबा, यादीतून डिव्हाइस मॅनेजर उघडा. फोन लावलेलाच ठेवा. "पोर्टेबल डिव्हायसेस" अशी ओळ शोधा, तिथे तुमच्या फोनचं नाव किंवा "एमटीपी यूएसबी डिव्हाइस" असेल. पिवळा त्रिकोण असेल तर त्यावर राइट क्लिक, "अनइन्स्टॉल डिव्हाइस". भिऊ नका, याने फोनमधलं काही जात नाही, फक्त लॅपटॉप त्याची ओळख विसरतो. मग केबल काढा, लॅपटॉप रिस्टार्ट करा, परत लावा, विंडोज ड्रायव्हर स्वतः टाकतं. बहुतेकांचं इथेच होऊन जातं.

नाही झालं तर त्याच नावावर राइट क्लिक, "अपडेट ड्रायव्हर", मग "ब्राउज माय कॉम्प्युटर", मग "लेट मी पिक", आणि यादीतून "एमटीपी यूएसबी डिव्हाइस" निवडून नेक्स्ट. हा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीपासून असतो. म्हणजेच इंटरनेटवरून "युनिव्हर्सल मोबाईल ड्रायव्हर" वगैरे काही डाउनलोड करायची गरज नाही, हे मी जरा जोर देऊन सांगतोय कारण अशा साईटवरून लॅपटॉपमध्ये व्हायरस आलेला मी जवळच्या माणसांकडे पाहिलाय, आणि मग फोन राहिला बाजूला, लॅपटॉप फॉरमॅट करायची वेळ आली. काही हवंच असेल तर ते फक्त विंडोज अपडेटमधून किंवा फोनच्या कंपनीच्या स्वतःच्या साईटवरून.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये "अननोन यूएसबी डिव्हाइस, डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड" असं दिसलं, कोड ४३, तर ते बहुतेक वेळा तारेचं दुखणं असतं, केबल आणि जॅक पुन्हा तपासा. आणि तुमच्या विंडोजच्या नावापुढे शेवटी "एन" हे अक्षर असेल तर त्यात मीडिया फीचर पॅक नसतो आणि तो नसला की एमटीपी चालत नाही, सेटिंगमधल्या ऑप्शनल फीचर्समधून तो टाकून घ्या.

मॅक आणि आयफोनवाल्यांसाठी

मॅकला अँड्रॉइड फोन लावला तर काहीही न होणं हेच नॉर्मल आहे, मॅकला एमटीपी मुळात कळतच नाही. त्यासाठी गूगलचं अँड्रॉइड फाइल ट्रान्सफर नावाचं ॲप होतं, ते २०२४ मध्ये बंद झालं, आता ओपन-एमटीपी नावाचं फुकट ॲप मिळतं ते बरेच जण वापरतात.

आयफोन लावला की फोनवर "ट्रस्ट धिस कॉम्प्युटर?" विचारतो, ट्रस्ट दाबून पासकोड टाकायचा. मॅकवर तो फाइंडरमध्ये डाव्या बाजूला दिसतो, विंडोजवर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून "ॲपल डिव्हायसेस" हे ॲप घेऊन ठेवा. विंडोजच्या फोल्डरमध्ये आयफोनचे फक्त फोटो-व्हिडिओच दिसतात, बाकी फाइल दिसत नाहीत. कॉपी करताना "डिव्हाइस इज नॉट फंक्शनिंग" असं येऊन अडकत असेल तर आयफोनच्या फोटोजच्या सेटिंगमध्ये अगदी खाली "ट्रान्सफर टू मॅक ऑर पीसी" आहे, तिथे "कीप ओरिजिनल्स" करा, लगेच फरक पडतो. आणि आयक्लाउडमध्ये ऑप्टिमाइझ स्टोरेज चालू असेल तर बरेचसे मूळ फोटो फोनमध्ये नसतात, ते केबलने येणार कुठून, ते आयक्लाउडच्या साईटवरून घ्यावे लागतात.

फोन दिसला, आता कॉपी करताना

दिस पीसी, फोनचं नाव, इंटर्नल स्टोरेज, डीसीआयएम, कॅमेरा. कॅमेऱ्याचे फोटो इथे. व्हॉट्सॲपवर आलेले फोटो शोधत असाल तर अँड्रॉइड, मीडिया, कॉम डॉट व्हॉट्सॲप, व्हॉट्सॲप, मीडिया असं आत आत जावं लागतं, हल्लीच्या फोनमध्ये ते तिकडे असतात.

कट-पेस्ट करू नका, कधीच नाही. कॉपी करा, लॅपटॉपवर आलेले चार-पाच फोटो आणि दोन-तीन मोठे व्हिडिओ उघडून बघा, दोन्हीकडच्या फाइलची संख्या जुळवा, मगच फोनमधून डिलीट. केबलने फोनमधलं डिलीट केलेलं रिसायकल बिनमध्ये जात नाही, गेलं ते गेलं. गणपतीतले सगळे व्हिडिओ, आईच्या पंचाहत्तरीचे फोटो, हे परत काढता येत नाहीत.

सगळा फोल्डर एका दमात ओढू नका. यूएसबी २.० वर प्रत्यक्षात सेकंदाला ३० एमबीच्या आसपास वेग मिळाला तर ३२ जीबी जायला अठरा मिनिटं लागतात, आणि हजारो छोटे फोटो असतील तर त्याहून बराच वेळ, कारण एमटीपी प्रत्येक फाइल वेगळी मागतं. महिन्याप्रमाणे थोडे थोडे घ्या, एका वेळी एकच कॉपी चालू ठेवा, मध्ये फोनवर गेम-कॉल नको आणि लॅपटॉप स्लीपमध्ये जाणार नाही एवढं बघा. आत्ताच काढलेला फोटो लॅपटॉपवर दिसत नसेल तर केबल काढून लावा किंवा फोन रिस्टार्ट करा, यादी ताजी होते.

केबल चालतच नाहीये आणि काम आजच हवंय

ॲडमिशनचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस आहे, मार्कशीटचा फोटो फोनमध्ये आहे, तेव्हा केबलच्या मागे लागू नका. विंडोजवर गूगलचं क्विक शेअर टाकलं की अँड्रॉइड फोनवरून फाइल वायफाय-ब्लूटूथने येते. एखाद-दुसरी फाइल असेल तर व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा, फक्त फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा म्हणजे क्वालिटी कमी होत नाही, २ जीबीपर्यंतची फाइल जाते. गूगल ड्राइव्हवर १५ जीबी फुकट मिळतात, पण त्यात जीमेल आणि गूगल फोटोजही धरलेले असतात. भरपूर डेटा असेल तर एका बाजूला टाइप सी आणि दुसऱ्या बाजूला साधा यूएसबी असलेला ओटीजी पेनड्राइव्ह घ्या. हा एकदा घरात असला की केबलची अर्धी कटकट संपते, मावशी-काकांना तर मी हाच घ्यायला सांगतो. पेनड्राइव्ह एफएटी ३२ नावाच्या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यात बसत नाही, लग्नाचा मोठा व्हिडिओ घ्यायचा असेल तर एक्स-फॅट पद्धतीने फॉरमॅट करून घ्या. पण चार्जिंग जॅकच खराब असेल तर पेनड्राइव्हही चालणार नाही, तेव्हा वायफायवालेच उपाय.

झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला फोन सरळ त्यांच्या कॉम्प्युटरला लावायची सवय असेल तर ती सोडा. हवी ती एकच फाइल मेल करा. आणि स्टेशनवर, मॉलमध्ये सार्वजनिक यूएसबी पॉइंटला चार्जिंग लावलं आणि फोनने डेटाची परवानगी मागितली तर कधीच अलाऊ करू नका.

दुकानात द्यायची वेळ आली तर

दोन चांगल्या केबल, दोन वेगळे कॉम्प्युटर, जॅक साफ, रिस्टार्ट झाला, फाइल ट्रान्सफरची नोटिफिकेशन तरीही येत नाही, तर जॅक किंवा त्याचा बोर्ड गेलाय असं समजा. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये चार्जिंग जॅक खालच्या एका वेगळ्या छोट्या बोर्डवर असतो, रिपेअरवाले त्याला सीसी बोर्ड म्हणतात, तो तेवढाच बदलता येतो. त्यामुळे कोणी फोन न उघडताच "मदरबोर्ड गेला" म्हणाला तर लगेच हो म्हणू नका, आधी सीसी बोर्ड लावून बघा असं सांगा आणि दुसऱ्या एखाद्या दुकानात विचारून घ्या. वॉरंटी चालू असेल तर बाहेर न उघडता कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच द्या.

देण्याआधी वायफायने जेवढा बॅकअप घेता येईल तेवढा घ्या, सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या. जॅक बदलायला फोनचा पासवर्ड लागत नाही, टेस्टिंगला हवा असं म्हणाले तर समोर उभं राहून स्वतः अनलॉक करून द्या. आणि फोन परत घेताना नुसतं चार्ज होतंय हे दाखवलं तर पैसे देऊ नका, त्यांच्या कॉम्प्युटरला डेटा केबल लावा, फाइल ट्रान्सफर निवडा, डीसीआयएम फोल्डर उघडलेला तुमच्या डोळ्यांनी बघा, चार्जिंग आणि डेटा दोन्ही होतंय असं बिलावर लिहून घ्या, मग पैसे द्या.